बक्षिसाने न फिटणारा थकवा

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. मशीन शॉपची एक लाइन माझ्याकडे आहे, हाताखाली २४ जण, त्यातले निम्म्याहून जास्त कंत्राटी. तीन पाळ्या चालतात आणि दर आठवड्याला बदलतात. गेले काही महिने पोरांचं कामात मनच नाही. सांगितलं तेवढंच करतात. रिजेक्शन वाढलंय. तिसऱ्या पाळीची तपासणीची शीटं पाहिली तर पहाटेचे सगळे आकडे एकसारखे, म्हणजे गेज (माप घ्यायचं साधन) न लावताच भरलेले. सोमवारी दांड्या ठरलेल्या. मॅनेजर म्हणतात, तुम्ही टीमला मोटिव्हेट करत नाही. म्हणून महिन्याचा उत्तम कामगार निवडून फोटो लावला, बक्षीस म्हणून मिक्सर, कुकर दिले, बाहेरून वक्ते बोलावून व्याख्यान ठेवलं. व्याख्यानात निम्मी पोरं झोपली. पाच-सहा जण गुटखा खातात, जेवणाच्या वेळा नाहीत, सुटी झाली की मोबाइल. बोललं की "हो साहेब" म्हणतात आणि पुन्हा तेच. खरं सांगायचं तर हल्ली मलाच सकाळी उठून कंपनीत जावंसं वाटत नाही. वय ३८. मी आधी असा नव्हतो. काय करू?
— एक सुपरवायझर, बजाजनगर

उत्तर : व्याख्यानात निम्मी पोरं झोपली, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा आणि हाक मारणारं कुणी नाही, एवढं जुळून आल्याबरोबर भर दिवसा ज्याचा डोळा लागतो, त्या माणसावर झोपेची थकबाकी चढलेली असते. वक्ता कितीही चांगला असो, ती थकबाकी भाषणाने फिटत नाही आणि मिक्सरनेही फिटत नाही. म्हणून उत्साह कसा वाढवायचा हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. ही माणसं रोज किती तास झोपतात, कुठे झोपतात, किती वाजता जेवतात आणि सलग किती तास उभी असतात, हे आधी विचारा.

तिसऱ्या पाळीची ती शीटं पुन्हा काढा. या वेळी कोणी भरली ते पाहू नका, किती वाजल्यापासून आकडे एकसारखे झाले ते पाहा. पाळीच्या सुरुवातीला २४.९८, २५.०१, २४.९९ असे खरे, थोडे मागेपुढे असलेले आकडे दिसतील. मग कुठेतरी तीन-साडेतीननंतर २५.००, २५.००, २५.०० अशी रांग लागलेली दिसेल. माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे तीन ते पाचच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि लक्षही तेव्हाच सर्वांत मंद असतं. हात सवयीने चालत राहतात. नग लावला, बटण दाबलं, नग काढला, इतपत काम अर्धवट झोपेतही होतं. आधी जातं ते बघणं, मोजणं आणि शंका घेणं. गेज लावायला थांबणं, माप वाचणं, चुकलं असेल तर मशीन सेट करणाऱ्या सेटरला हाक मारणं याला मन जागं लागतं. आकडे खोटे भरणं चूकच आहे आणि तसं त्या मुलाला सांगायलाही हवं. पण रात्री एक वाजता खरे आकडे लिहिणारा तोच मुलगा चार वाजता खोटे लिहीत असेल, तर मधल्या तीन तासांत तो अप्रामाणिक झालेला नाही. तो दमला आहे.

आता त्या "हो साहेब" बद्दल. झोप झाली का रे, असं विचारल्यावर तो हो म्हणतो आणि बहुधा मनापासूनच म्हणतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी लोकांना सलग १४ दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. दोन आठवडे संपताना त्यांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं घसरलं होतं. त्यांना विचारलं, तर आपल्याला जराशी झोप येतेय एवढंच ते सांगत होते. अंगातला थकवा माणसाला सवयीचा होतो. कमी झोपेची सवय झाली असं आपण म्हणतो तेव्हा जाणवणं तेवढं बंद झालेलं असतं, घसरण चालूच असते. तुमच्या पोरांना सहा तास तरी मिळतात का, हे तुम्ही बजाजनगरातच राहता तेव्हा माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल. पत्र्याच्या खोलीत तिघं-चौघं, प्रत्येकाची पाळी वेगळी. एक जण रात्रपाळी करून येऊन पडला की दुसरा डबा भरायला उठतो. दहा वाजता पत्रा तापतो. त्यात पाण्याचा दिवस असला की कुणाला तरी उठून भरावंच लागतं. हे काहीच नसतं तरी दिवसाची झोप रात्रीच्या झोपेहून एक-दोन तास कमीच भरते, कारण बाहेर ऊन असताना शरीर आतून जागं व्हायला लागतं. यात शिस्तीचा प्रश्न फार थोडा आहे.

सवयींबद्दल तुमचा राग मला समजतो, पण बहुतेक सवयी पाळीनेच लावलेल्या असतात. पहाटे चारला तोंडात टाकलेली पुडी त्याला थोडा वेळ जागं ठेवते. निकोटिनचं कामच ते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तोंडाच्या कॅन्सरचे फोटो पाकिटावर छापलेले आहेत, हे त्यालाही माहीत आहे. तरी तो खातो, कारण त्या वेळी जागं राहण्याचं तेवढंच साधन त्याच्या हाताशी असतं. मला गुटख्याची बाजू घ्यायची नाही, तो सुटायलाच हवा. पण पहाटेची ती गरज कमी केल्याशिवाय नुसतं रागावून तो सुटत नाही. चहाचंही तसंच. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे साडेपाचला कडक चहा घेतलेला मुलगा सकाळी साडेआठला आडवा पडतो, तेव्हा त्यातलं बरंचसं अंगात असतं, आणि मग झोप येत नाही म्हणून मोबाइल. कधी कुणी चपटी मारून झोपतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण मधेच तुटणारी ती झोप थकवा काढत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री साडेबाराला खोलीवर येतो आणि दोनपर्यंत मोबाइल बघतो, यालाही आपण वाईट सवय म्हणतो. पण त्याच्या अख्ख्या दिवसातला तेवढाच वेळ त्याचा स्वतःचा असतो. तो सोडायला सांगताना हे मनात असू द्या.

जेवणाचं मात्र तुम्ही आजपासून बोलू शकता, कारण ते त्यांना पटेल. रात्री दोनला कॅन्टीनमध्ये पोटभर भात-भाजी खाल्ली की चारची पेंग आणखी जड होते. मुख्य जेवण पाळीवर येण्यापूर्वी, रात्री नऊ-दहाला. मधल्या सुटीत हलकं : उसळ-पोळी, अंडी, दही, केळं, भाजके फुटाणे. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात, तीननंतर नको. आणि चहा जेवणाला लागून नको, कारण चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. लोह कमी असेल तर थकवा झोपेनेही जात नाही. कॅन्टीनच्या कंत्राटदाराला रात्रीच्या वड्यांऐवजी उसळ द्यायला लावणं हे मॅनेजरच्या एका फोनचं काम आहे.

तुमच्याकडे महिला कामगार असतील तर आणखी एक विचारा, आणि शक्यतो एखाद्या महिलेमार्फत विचारा : कामाच्या पाळीत त्या पाणी पितात का? लाइन सोडता येत नाही, स्वच्छतागृह लांब, बदली माणूस नाही, म्हणून अनेक जणी पाणीच पीत नाहीत. दुपारनंतर डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि वर ऐकावं लागतं की हिचं कामात लक्ष नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं. म्हणजे कामाला उभं राहण्याआधीच त्यांच्या अंगात ताकद कमी असते. एक रिलीव्हर, जो दर तासाला एकेकाला पाच मिनिटं मोकळं करेल, एवढ्या सोयीने खूप फरक पडतो. पुरुषांनाही पडतो.

बक्षिसांचा उपयोग झाला नाही याचं तुम्हाला वाईट वाटलंय, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १९२३ साली फिलाडेल्फियातल्या एका कापड गिरणीत एल्टन मेयो या संशोधकाला बोलावलं होतं. बाकी खात्यांत माणसं टिकत होती, पण सूतकताईच्या एका खात्यात वर्षभरात एका जागेवर सरासरी दोन-अडीच माणसं बदलत. दिवसभर यंत्राच्या कडेने येरझाऱ्या घालून पाय भरून येत, माणसं उदास होत आणि सोडून जात. मालकांनी उत्पादनावर बोनस लावून पाहिला होता, पण बोनसच्या आकड्यापर्यंत ते खातं पोचतच नव्हतं. मेयो यांनी सकाळी आणि दुपारी दहा-दहा मिनिटांच्या विश्रांती सुरू करवल्या आणि त्या वेळी आडवं पडायची मुभा दिली. माणसं टिकू लागली, उत्पादन वाढलं आणि त्या खात्याला पहिल्यांदाच बोनस मिळाला. पुढे मोठी ऑर्डर आली म्हणून तिथल्या सुपरवायझरांनी विश्रांती बंद केल्या, तर उत्पादन पुन्हा घसरलं, आणि कंपनीच्या प्रमुखांना त्या परत सुरू कराव्या लागल्या. बोनस त्या माणसांना हवाच होता. तिथवर पोचायची ताकद त्यांच्यात उरत नव्हती.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. पाळ्यांची संख्या तुम्ही बदलू शकत नाही, भरतीही करू शकत नाही, हे मला माहीत आहे. पण डबल, म्हणजे सलग दोन पाळ्या, कोणाला मारू द्यायची हे बहुतेक ठिकाणी सुपरवायझरच ठरवतो. दुसरी पाळी करून तिसरीला थांबणारा माणूस सकाळी आठला उठलेला असेल, तर रात्री एक वाजताच त्याला जागून १७ तास झालेले असतात. इतका वेळ जागलेल्या माणसाची हालचाल आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखं होतं, हे १९९७ च्या एका संशोधनात मोजलं गेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे प्यालेल्या माणसाला आपण प्रेसजवळ उभं करणार नाही, आणि डबलवाल्याला मात्र आपण आभार मानून उभं करतो. शिवाय सकाळी सातला तोच माणूस नगर रस्त्यावरच्या ट्रकांमधून मोटरसायकल काढत घरी जातो. दुसरी-तिसरी अशी डबल तुमच्या लाइनवर बंद करा. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

ओव्हरटाइमच बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. कंत्राटी मुलाचं गावाकडचं घर त्याच पैशावर चालतं आणि ओव्हरटाइम गेला तर तो दुसऱ्या कंपनीत जाऊन डबल मारेल. ओव्हरटाइम पहिल्या पाळीला जोडून दोन तास द्या, फिरता द्या, त्याच चार जणांना नको. आणि एक गोष्ट शांतपणे तपासा : कंत्राटदार त्यांना जादा कामाचे दुप्पट दराने पैसे देतो का? कायद्याने दुप्पट द्यायचे असतात. सिंगलनेच मिळत असतील तर त्यांचं मन का लागत नाही हे विचारायला तज्ज्ञ नकोत, आणि या कारणावर झोपेचा काहीही उपाय चालणार नाही.

सोमवारच्या दांड्यांचंही कागदावर मांडून पाहा. दांडी मारणाऱ्याच्या नावापुढे त्याची आधीच्या आठवड्याची पाळी लिहा. तुमच्याकडे पहिली, दुसरी, तिसरी आणि परत पहिली असा फेरा असेल, तर तो फेरा तसा चांगलाच आहे. शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे पुढे सरकणं त्याला सोपं जातं. अडचण तिसरीवरून पहिलीवर येताना होते. रविवारी सकाळी सातला सुटलेला माणूस सोमवारी सकाळी सातला पुन्हा लाइनवर हवा. रविवार झोपण्यात जातो, रात्री नऊला झोपायचं तर आठवडाभर त्या वेळी जागं असलेलं शरीर ऐकत नाही, आणि पहाटे पाचला उठून गाडी पकडायची. कामगार चळवळीचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी मागणी केली, त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दोन्ही होतं. ती सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. तुमच्या तिसऱ्या पाळीच्या माणसाला ती आज कागदावरच मिळते. त्या आठवड्यात त्याला सोमवारची बदली सुट्टी देता आली तर उत्तम. नाही तर निदान सोमवारी-मंगळवारी त्याला ओव्हरटाइमला थांबवू नका आणि अवघड सेटिंगवर उभं करू नका.

रात्री तीन ते पाच या वेळेसाठी काम वेगळं लावा. तपासणी, नवीन सेटअप, मोजमाप लागणारे नग मध्यरात्रीच्या आधीच्या किंवा लगेचच्या तासांत घ्या. दर तासाला दोघांच्या जागा बदला. चारला दहा मिनिटं दिवे लख्ख असलेल्या जागी सगळ्यांना पाणी प्यायला आणि चालायला सोडा. मधल्या सुटीत कुणी जेवून बाकावर पंधरा-वीस मिनिटं झोपला तर त्याला उठवू नका आणि फोटोही काढू नका. ती त्याची सुटी आहे. फक्त उठल्यावर लगेच मशीनवर न जाता पाच मिनिटं तोंड धुऊन यायला सांगा.

मॅनेजरकडे जाताना "पोरं थकलीत" असं म्हणत जाऊ नका. ते तुमच्या गळ्यात पडेल. महिन्याभराचं रिजेक्शन तासवार काढा, पाळीचा पहिला दिवस ते सहावा दिवस असं मांडा, डबल मारलेल्या रात्री लाल करा. त्यांच्या भाषेत हा कायझेनचा, म्हणजे कामात सतत छोट्या सुधारणा करत राहण्याचा विषय आहे, आणि वरच्यांना दाखवायला त्यांनाही तो आवडेल. मागणी एकच करा : एक महिना या लाइनवर डबल नाही आणि रात्रीसाठी एक रिलीव्हर. महिन्याने तेच आकडे पुन्हा दाखवा.

सगळंच थकव्याने होतं असं नाही. सुट्टीवरून, गावाकडच्या लग्नाहून चार दिवसांनी परत आलेला मुलगा एक-दोन दिवस खुशीत काम करत असेल आणि आठवड्याअखेर मलूल होत असेल, तर ते झोपेचं आहे. सुट्टीवरून येऊनही जो तसाच गप्प असतो, त्याचं दुखणं वेगळं आहे. पगार अडकला असेल, सगळ्यांसमोर कुणी आईवरून बोललं असेल, परमनंट करतो म्हणून तीन वर्षं टांगून ठेवलं असेल, नाहीतर घरी कर्ज असेल. त्याला बाजूला घेऊन बोला, शक्यतो केबिनमध्ये न बोलावता. आणि झोपेच्या सगळ्या सोयी करूनही ज्याचा थकवा जात नाही, त्याला ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) दवाखान्यात तपासणीला पाठवा, एक दिवस हजेरी भरून.

आता तुमचं. पत्रात शेवटच्या दोन ओळींत तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत, घाईघाईने, जणू ते महत्त्वाचं नाही. २४ माणसांची तिसरी पाळी सांभाळणाऱ्याचा फोन रात्री दोनला वाजतो आणि सकाळी आठला तो मॅनेजरच्या मीटिंगमध्ये असतो, हे मला न सांगताही दिसतं. मशीन बंद पडणं आणि माणसाला इजा होणं या दोन कारणांखेरीज रात्री फोन करायचा नाही, एवढं पाळीच्या लीडरांना सांगा. बाकी सगळं सकाळी. आणि रोज पोरांबरोबर दुपारी जेवायला बसा. आपल्या टेबलावर नाही, कॅन्टीनमध्ये. तुम्हाला आधी कामात काय आवडायचं ते तिथे सापडण्याची शक्यता जास्त आहे.

तरीही ३८ व्या वर्षी सकाळी उठवत नाही, ही गोष्ट मी फक्त कामाच्या माथी मारणार नाही. घरच्यांना विचारा, तुम्ही मोठ्याने घोरता का, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का. तसं असेल तर आठ तास झोपूनही माणूस दमलेलाच उठतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. आवडीच्या गोष्टींतही दोन आठवड्यांहून जास्त काळ मन लागत नसेल, भूक किंवा झोप बिघडली असेल, नकोसे विचार येत असतील, तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. येत्या रविवारची वाट न पाहता या आठवड्यातच हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, रक्तदाबही. शाकाहारी असाल तर बी१२ नक्की. रिपोर्ट आले की ते घेऊन डॉक्टरांकडे जा, मेडिकलवाल्याला दाखवून गोळ्या सुरू करू नका.